विभूतीचा डबा आणि आखडलेली बोटं

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मी एक मूर्खपणा केला. अंगात आल्याचं सोंग केलं. आणि तेही कशासाठी, तर भडंगासाठी.

आमचे हे तेव्हा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतेच लागले होते. कामानिमित्त सांगलीला गेले की भडंगाचा पुडा आणायचे आणि आज्ञाधारक मुलासारखा आईच्या हातात द्यायचे. सासूबाई तो कोठीच्या खोलीत ठेवायच्या आणि किल्ली कमरेला. पाहुणे आले की मूठभर बाहेर यायचं. मी मेढ्याकडची, डोंगरातली पोर. असलं तिखट, लसूणदार, कुरकुरीत काही माहेरी खाल्लंच नव्हतं. जीभ सोकावली होती. नवरात्रातल्या आरतीला हलगी कडकडायला लागली आणि माझ्या रिकाम्या डोक्यात दिवा पेटला. केस सोडले, दात आवळले, पाचही बोटं चोचीसारखी एकत्र केली, मनगटं वाकडी करून छातीशी धरली आणि लागले घुमायला.

सासूबाईंनी कुंकू लावून विचारलं, "काय पायजे आई तुला?"

"भडंग!" देवी म्हणाली.

"कसलं आणू? साधं का लसणाचं?"

"लसणाचं!"

नवरात्रात लसूण मागणारी देवी त्या बाईनं जन्मात पाहिली नव्हती. पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. भडंग देवीपुढं ठेवलं, सगळ्या गल्लीत वाटून टाकलं, माझ्या वाट्याला चिमूटभर आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाल्या, "आता तू देवीचं झाड. झाडानं गार पाण्यानं न्हायाचं आन् नऊ दिवस कडक उपास धरायचा." झाड म्हणजे जिच्या अंगात देवी येते ती बाई. शिक्षा द्यावी तर अशी. तेव्हापासून दर नवरात्रात मला घुमावं लागलं. बायका प्रश्न विचारायच्या, मी काहीबाही उत्तरं द्यायचे, विभूती लावायचे. खोटं आहे म्हणून सांगायची हिंमत झाली नाही, आणि पुढं पुढं, खरं सांगते, मला ते आवडायलाही लागलं.

एकाच माणसाला मी हे सांगितलं. सुनेला. शीतल इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. त्यानंतर दर नवरात्रात घुमता घुमता मी तिच्याकडं बघून हळूच एक डोळा मारायचे, आणि ती तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळायची.

ही सगळी रामकहाणी आजारपणाच्या लिखाणात कशाला, असं वाटेल. कारण यंदा माझी बोटं खरीच आखडली, अगदी तश्शीच. आणि माझ्याभोवतीच्या एकाही माणसाला ते खरं वाटेना.

सोडा

मला पित्ताचा त्रास जुना. डॉक्टरांनी तिखट बंद केलं. शीतलनं घरात त्याची कडक अंमलबजावणी केली. मुलगा फौजेत, त्यामुळं घरातली शिस्त सुनेकडं आहे. मग मी शेजारच्या पारूकडून गुपचूप भडंग मागवायचे. खाल्लं की छातीत जळायचं. जळलं की लिंबाच्या पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकायचा. फस्स करून फेस येतो, घटाघटा प्यायचं, मोठ्ठी ढेकर येते आणि वाटतं, संपलं दुखणं. त्या ढेकरेवर माझा डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास होता.

एकदा शीतलनं पाहिलं. "आवं आई, तुमाला बीपी हाय. सोड्यात मिठासारखंच सोडियम असतंय. बंद करा हे." मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सोडा देवघरातल्या विभूतीच्या डब्यात भरला. पांढरं ते पांढरं. देवीच्या झाडाच्या डब्याला हात कोण लावणार? जेवण झालं की मी म्हणायचे, "जरा विभूती घेते." घरात लोकांना वाटायचं, वयाबरोबर भक्ती वाढली. खरी विभूती शेजारच्याच डब्यात होती. एकदा गडबडीत पारूला चुकीच्या डब्यातली चिमूट गेली. तिनं ती पाण्यातून घेतली, तिच्या पोटातला गोळा गेला, आणि माझ्या विभूतीची ख्याती पार खालच्या आळीपर्यंत पोहोचली.

शुक्रवारी दुपारी

त्याच आठवड्यात गावच्या जत्रेत मी दोन हातांनी भडंग खाल्लं होतं. मग उलट्या सुरू झाल्या. उलटीनं जळजळ, जळजळीवर सोडा, सोड्यानंतर पुन्हा उलटी. बीपीची गोळी चालूच होती, तीही लघवी जास्त करवणारी. या तीन गोष्टींनी मिळून माझ्या रक्तात काय मांडलं होतं ते मला पुढं कळलं. तेव्हा एवढंच कळलं की ओठांभोवती मुंग्या येतायत.

देवघरासमोर बसले होते. समोर विभूतीसाठी आलेली पारू. मुंग्या ओठांवरून गालांवर गेल्या, मग बोटांच्या टोकांना आल्या. मी हात झटकला. आणि माझ्या डोळ्यांदेखत अंगठा आत वळला, चारही बोटं त्याच्यावर मिटली, मनगट वाकलं. दुसरा हातही तसाच. मी उघडायला जाते तर उघडेना. हात माझे, पण हुकूम दुसऱ्याच कुणाचा.

पारूनं पाहिलं आणि ताडकन उभी राहिली. "आई आली! आगं, नवरात्र नसताना आई आली!"

पाच मिनिटांत घर भरलं. कुणी कुंकू लावलं, कुणी नारळ ठेवला. मी सांगायला बघत होते की मला धरा, मला काहीतरी होतंय. जबडा घट्ट झाला होता. तोंडातून नुसता "हूं" निघाला. त्या हुंकाराला सगळ्या बायकांनी हात जोडले.

"आई, माज्या पोराचं लगीन कवा जमतंय?" पारूनं विचारलं.

जन्मभर या बाईला मी खोटी उत्तरं दिली. आज खरं बोलायचं होतं, तर तोंड उघडत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारानं शीतल आली. मला वाटलं, सुटले. ती दारात थांबली, कमरेवर हात ठेवला, माझ्या बोटांकडं पाहिलं. आणि ओठ दाबून, फक्त मला कळेल असं म्हणाली, "का वं आई, भडंग संपलं वाटतं?"

आजारपणात मी पुष्कळ घाबरले, पण त्या क्षणाइतकी नाही. ज्यांचा माझ्यावर विश्वास होता त्यांना देवी दिसत होती. जिला मी खरं सांगितलं होतं तिला सोंग दिसत होतं. आजारी म्हातारी कुणालाच दिसत नव्हती.

शीतल माझ्या डोळ्यांकडं बघत उभी राहिली. मी कधी डोळा मारतेय याची ती वाट बघतेय हे मला कळत होतं. मी पापणी मिटायचा प्रयत्न केला असता तरी तिला वाटलं असतं, चाललंय सोंग. मी एकटक बघत राहिले. घाम कानामागून मानेवर उतरत होता. हळूहळू तिच्या तोंडावरचं हसू मावळलं.

बऱ्याच वेळानं बोटं आपोआप सैल झाली. "आई गेली," बायका म्हणाल्या आणि नारळ फोडून आपापल्या घरी गेल्या. शीतल मात्र घरातलं बीपीचं मशीन घेऊन आली. "हात द्या." पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, पट्टा आवळत गेला, आणि त्याबरोबर माझा नुकता सुटलेला हात आम्हा दोघींच्या डोळ्यांदेखत पुन्हा तसाच वाकडा झाला. चोच मिटली.

शीतल पांढरी पडली. "देवीला बोलवाया हलगी लागती," ती म्हणाली, "बीपीचं मशीन न्हाई. आप्पा! आवं आप्पा, चला. मी गाडी काढते."

वाटेत

आप्पा म्हणजे आमचे हे. गाडी शीतलच चालवते. उसाचा हंगाम, रस्त्यावर ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, सुटलेली मोळी आडवी पडलेली. शीतल हॉर्नवरचा हात काढत नव्हती. मागं ह्यांच्या खांद्यावर माझं डोकं. मला झोप येत होती, पण ती झोपेसारखी झोप नव्हती, विहिरीत पोहरा सुटावा तशी. हे सारखे म्हणत होते, "वच्छे, बोल की काहीतरी. एरवी गप्प बसतीस व्हय?" मला त्यांचं नाव आठवेना. लाजेनं घेत नसते ते वेगळं. खरंच आठवेना.

सांगलीत

दवाखान्यात तपासायला आलेली डॉक्टर मला नात शोभेल अशी. तिनं पहिल्यांदा बीपीचा पट्टाच बांधला आणि माझी चोच मिटताना शांतपणे पाहिली. मग कानापुढं गालावर बोटानं टिचकी मारली, तर ओठाचा कोपरा आपोआप उडाला. "अर्धांगवायू नाही हा," ती म्हणाली. मनगटातल्या खोल धमनीतून रक्त काढलं. ते दुखतं. आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही माझ्यासारख्या शिव्या देणार नाही.

रिपोर्ट आला. रक्ताचा सामू फार वर गेला होता. सामू म्हणजे रक्त आंबटाकडं किती आणि सोड्या-चुन्यासारख्या अल्काकडं किती याचं माप. रक्ताला एका अगदी बारीक पट्ट्यात राहावं लागतं, माझं अल्काच्या बाजूला कलंडलं होतं. डॉक्टरनं मला आणि शीतलला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

माझ्या भावानं मेढ्याला शेताभोवती झटक्याची तार लावलीय, डुकरांसाठी. मशीन फार नाजूक लावलं की डुकराची गरज राहत नाही, गवताचं पातं लागलं तरी तार टकटक करते. नसांचं तसं झालं होतं. नसेला दम धरायला लावतं ते रक्तातलं मोकळं कॅल्शियम. रक्त अल्कधर्मी झालं की ते कॅल्शियम प्रथिनांना चिकटून बसतं. असतं घरातच, पण हाताला लागत नाही. मग मेंदूनं निरोप पाठवायच्या आधीच नसा निरोप पोचवायला लागतात. बोटं मिटा, ओठ उडवा. पट्ट्यानं जरा दाबलं की उतावळ्या नसा लगेच पेटतात. त्यात पोटॅशियमही उतरलं होतं, त्यामुळं पाय लुळे आणि काळजाचे ठोके वेडेवाकडे.

आणि मेंदू? रक्तात प्राणवायू भरपूर होता, पण असं रक्त तो घट्ट धरून ठेवतं, मेंदूला सुखासुखी सोडत नाही. सासूबाईंची कोठीची किल्लीच ती. वर शरीर आपल्या परीनं तोल सावरायला बघतं, आंबट वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आत साठवायचा म्हणून श्वासच सावकाश करतं. इतका सावकाश की मला श्वास घ्यायचा विसर पडायचा. उशाशी यंत्र ओरडायचं आणि नर्स येऊन गालावर थोपटायची, "आजी, श्वास घ्या. हां. आता सोडा. परत घ्या." साठ-सत्तर वर्षं जे काम न सांगता केलं, ते कुणीतरी सांगितल्यावर करायचं, याच्यासारखी भीती नाही.

"आजी," डॉक्टरनं विचारलं, "पित्तासाठी, पोटासाठी घरी काही घेता? सोडा, चूर्ण, काहीही?"

शीतल शेजारी उभी होती. केस विस्कटलेले, पायांत दोन वेगळ्या चपला.

"न्हाई," मी म्हणाले. "विभूती घेते फकस्त."

का खोटं बोलले? डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरं. पण तेवढं खोटं सुचण्याइतकं ठिकाणावर होतंच की! मला सुनेपुढं पकडलं जायचं नव्हतं, बस.

डॉक्टर शीतलकडं वळली. "गोळ्या कोण देतं?"

"मीच देते."

"उलट्या आहेत, गोळी आहे. पण एवढ्यानं इतकं वर जायला नको. नीट आठवा."

डॉक्टरनं आरोप केला नव्हता. तरी शीतल बाहेरच्या बाकावर बसून गोळ्यांची पाकिटं परत परत तपासत होती, ते मला दाराच्या फटीतून दिसत होतं. मग ती ह्यांना म्हणाली, "आप्पा, माझ्याकडनं गोळी दोनदा गेली आसंल व्हय? मी आईंना मारलं का वं?"

मी ऐकलं. आणि तरी गप्प राहिले.

पुडी

यापुढचं लिहायला नको वाटतं. पण ज्यांच्यासाठी लिहितेय त्यांना हेच उपयोगी पडेल.

माझ्या कमरेच्या बटव्यात सोड्याची पुडी होती. घरातून निघताना बटवा तेवढा मी सोडला नव्हता. सलाईन चालू, पोटॅशियम चालू. पोटॅशियमचं थेंब थेंब औषध शिरेत मिरचीसारखं चरचरतं. आणि छातीत तीच जुनी जळजळ. सगळे बाहेर आहेत असं बघून मी पुडी काढली आणि चिमूट जिभेवर ठेवली. जिनं मला इथं आणलं तिलाच मी औषध समजत होते.

पुढच्या तपासणीत सामू उतरायला हवा होता तेवढा उतरला नाही. डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. अतिदक्षता विभागात हलवायचं बोलणं सुरू झालं. शीतलनं सीमेवरच्या मुलाला फोन लावला, आणि तो लागल्यावर मोबाइल ह्यांच्या हातात दिला.

हे आत येऊन माझ्या उशाशी बसले. आमचे हे कमी बोलतात. उभा जन्म कारखान्यात उसाच्या रसाचा सामू बघण्यात गेला. रस स्वच्छ करायला त्यात चुना घालतात; तो कमी पडला तर साखर मोडते, जास्त पडला तर रस काळवंडतो.

"वच्छे," ते म्हणाले, "रसाचा सामू चढला की मी पयला चुन्याच्या टाकीकडं बघायचो. रस काय सोताहून चुना खात न्हाई."

मी डोळे मिटले.

"तुज्या ओठाला पांढरं लागलंय."

त्यांनी तळहात पुढं केला. मी बटव्यातून पुडी काढून त्यावर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझे ओठ ओल्या रुमालानं पुसले.

"आता तू सांगतीस, का मी सांगू? ती पोर भाईर सोताला खुनी समजायली हाय."

शीतलला आत बोलावलं. मी सगळं सांगितलं. डबा, विभूती, पारूचा गोळा, ही पुडी. ती ऐकत राहिली. मग थेट डॉक्टरला बोलवायला गेली. खरं कळल्यावर औषधाची दिशा बदलली. लघवीची गोळी बंद झाली, पित्तासाठी योग्य गोळी आली, आणि काळजाचा आलेख समोर ठेवून शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं. ते शिरताना अंगभर ऊब पसरते, थंडीत चुलीपुढं बसावं तशी. मुंग्या ओठांवरून मागं सरकत गेल्या. आजारातला तो पहिला चांगला क्षण.

पण शीतल बोलेना. ती मला भरवायची, केस विंचरायची, बेडपॅन द्यायची, आणि गप्प. डॉक्टर रोज सकाळी पट्टा बांधून बघायची. आधी चोच अर्धी मिटायची, मग नुसती बोटं थरथरायची. एक दिवस पट्टा पूर्ण आवळला आणि माझा हात तळहात वर करून, मऊ, उघडा पडून राहिला. मी शीतलकडं बघितलं. तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं होतं. खांदे हलत होते.

घरी

घरी आल्या आल्या मी बायकांना बोलावलं. दोन्ही डबे पुढं ठेवले. म्हणाले, "माझ्या अंगात कधीच कुणी आलं नाही. भडंगासाठी सुरू केलेलं नाटक होतं. हा सोडा आहे, यानं मी मरत होते. तोंडाभोवती मुंग्या आल्या, बोटं वळली, तर कुंकू लावू नका, दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरनं विचारलं तर घरात जे जे गिळता ते सगळं सांगा. माझ्यासारख्या शहाण्या होऊ नका."

मला वाटलं, आता दगड येतील. शेवटी पारूनं विचारलं, "मग माज्या पोटातला गोळा कशानं गेल्ता?"

"सोड्यानं."

"मंग वच्छाक्का, देवी ऱ्हाऊ दे. सोडा तरी दे की वाईच!"

बायका हसल्या. मी डबा उचलला आणि मोरीत पालथा केला. वर तांब्याभर पाणी ओतलं, पांढरं पाणी वाहून गेलं. पारू हळहळली, पण जाताना नेहमीसारखी पाया पडायच्या ऐवजी माझी बोटं हातात घेऊन दाबून बघून गेली.

सगळ्या गेल्यावर शीतल डबा घासायला बसली. घासून पुसून उपडा ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. त्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते:

"आई, सोंग सोडलंत, बरं केलंत. पर डोळा मारायचा सोडू नका. रोज सकाळी उठल्यावर माझ्याकडं बघून एकदा मारायचा. ज्या दिवशी मारणार न्हाई, त्या दिवशी मी काय इचारणार न्हाई, सरळ गाडी काढणार."